दाढेनं निवडलेला आवाज

माझ्या आवाजानं माझ्या बायकोची दाढ जास्त दुखते, हे मला एका यंत्रानं सांगितलं. बायकोनं सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. यंत्राशी काय वाद घालणार? पडद्यावरची वेदनेची पट्टी दहापैकी सहावर होती. मी म्हणालो, "सुवर्णा, घाबरू नकोस, काही होत नाही." पट्टी साडेसातावर गेली. डॉक्टर म्हणाल्या, "काका, एक मिनिट गप्प बसता का?" मी गप्प बसलो आणि पट्टी निमूटपणे सहावर उतरली.

आता माझा आवाज म्हणजे काय चीज आहे, हे ठाऊक नसेल तर सांगतो. मी उत्तम चौगुले. गेली तीस वर्षं कुस्तीच्या मैदानात निवेदन करतो. कुठला पैलवान कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा, त्याच्या आज्यानं कुठलं मैदान मारलं होतं, सगळं तोंडपाठ. मी कर्ण्यावरून नुसतं "आलाऽऽ" म्हटलं की दहा हजार माणसं उठून उभी राहतात. त्या आवाजाची घरात ही किंमत!

सुवर्णाची डावीकडची खालची दाढ चार दिवस ठणकत होती. झोप नाही, जेवण नाही, गार पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी. गडहिंग्लजला डॉ. आफरीन मुजावर यांचा दवाखाना आहे. तिशीतली पोरगी, पण हात हलका आणि जीभ धारदार. तिनं भुलीची दोन इंजेक्शनं दिली. सुवर्णाचा अर्धा ओठ बधिर झाला, जीभ जड झाली, आणि दाढेला नुसती हवा लागली तरी ती खुर्चीतून उसळली.

"ओठ झोपलाय आणि दाढ जागी आहे, असं कसं?" मी विचारलं.

"सुजलेल्या दाढेचं असंच असतं, काका. भुलीचं औषध नसेच्या आत शिरलं तरच काम करतं. नसेला तुपकट आवरण असतं. त्यातून जायला औषधाच्या कणावर विद्युतभार असून चालत नाही. पण सूज आली की तिथली जागा आंबट होते, आणि आंबट जागेत बहुतेक कणांवर भार येतो. मग ते दारातच उभे राहतात. वर सुजलेली नस आधीच चवताळलेली असते. दहातल्या नऊ जणांना पुरणारं औषध अशा दाढेला पुरत नाही."

"मग पूर्ण भूल द्या की."

"काकूंचं हृदय बघता?"

ते खरं होतं. लहानपणच्या तापानं सुवर्णाच्या हृदयाची एक झडप खराब झालेली. भूलतज्ज्ञानं कागद बघूनच मान हलवली होती. आणि दाढ तशीच ठेवायचीही सोय नव्हती, कारण दाढेतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसले तर दाढेचं दुखणं जिवावर बेतणार. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मी तिथंच मटकन खाली बसलो.

मग डॉक्टरांनी ते यंत्र बाहेर काढलं. कोल्हापुरात ते दोन वर्षांपासून होतं, आमच्याकडे नुकतंच आलेलं. त्याला 'सोबत' म्हणतात. कपाळाला बांधायचा एक पट्टा, कानात घालायच्या दोन बोंड्या आणि एक पडदा, एवढंच. डॉक्टरांनी समजावलं ते असं: वेदना दाढेतून निघते, पण मेंदूपर्यंत पोचायला तिला वाटेत एका फाटकातून जावं लागतं. ते फाटक मेंदू वरून बंद करू शकतो. त्यासाठी लागणारा अफूसारखा रस तो स्वतःच तयार करतो. रणात जखमी झालेल्याला घरी येईपर्यंत दुखत नाही, ते यामुळेच. प्रश्न एवढाच, की मेंदू फाटक कधी लावतो? तर आता आपल्याला धोका नाही, असं त्याला मनापासून वाटलं की. आणि तसं वाटायला माणसाला सगळ्यात जास्त लागतो तो ओळखीचा आवाज. कपाळावरचा पट्टा मेंदूतल्या लहरी वाचून वेदनेचा आकडा दाखवतो. योग्य आवाज कानी पडून फाटक किंचित हललं, की त्याच क्षणी पट्टा बारीक विजेचे ठोके देऊन ते पुरतं लोटतो. अर्धं काम इंजेक्शनचं, अर्धं आवाजाचं.

"नक्कल केलेला आवाज नाही चालत," डॉक्टर म्हणाल्या. "दोन मिनिटांत मेंदू ओळखतो. माणूस खुर्चीशेजारी बसून बोलायला लागतो."

म्हणून तर मी शर्टाची बाही वर करून पुढे सरसावलो होतो. आणि झालं ते सुरुवातीला सांगितलं तसं झालं.

"कुणाचा आवाज लागू पडतो ते निवडायला काकूंच्या फोनमधले आवाजी निरोप लावून बघू," डॉक्टर म्हणाल्या. सुवर्णानं डोळे मिटूनच फोन पुढे केला. पुण्याच्या आमच्या लेकीचा, ऋतुजाचा निरोप लागला, पट्टी पाचावर. सुवर्णाच्या मैत्रिणीचा लागला, साडेपाच. मग एक घोगरा, खडा आवाज लागला: "वन्सं, लिंबाचं लोणचं बिघडलंय यंदा. मीठ कमी पडलं, चूक माझीच हाय." पट्टी घसरली ती थेट दोनवर. डॉक्टर खूश झाल्या. "कोण या?"

मी तो आवाज लगेच ओळखला. त्या मालनवैनी होत्या. सुवर्णाच्या थोरल्या भावाची बायको. गेली नऊ वर्षं त्यांच्या घरी आमचं जाणं-येणं बंद होतं, आणि ते बंद मीच केलं होतं. पडद्यावर लिहिलेलं होतं: मालनवैनी, एकूण निरोप त्रेसष्ट.

डॉक्टरांनी जंतूंवरचं आणि ठणक्यावरचं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोलावलं. "त्या काकूंना घेऊनच या. उशीर नको."

घरी येईपर्यंत मी काही बोललो नाही. बोललो तर हिची दाढ दुखणार, ही एक नवीच पंचाईत झाली होती. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून अगदी हळू आवाजात विचारलं, "त्रेसष्ट?"

"तुम्हाला सांगून उगं वाद," सुवर्णा गाल धरून म्हणाली. "तुमच्याच जिवाला तरास झाला असता."

"म्हणजे माझ्या भल्यासाठी लपवलंस?"

"व्हय. तुमच्याकडनंच शिकले."

हा टोला होता की नुसतं बोलणं, ते मला कळलं नाही. मी विचारलं, "माझ्या आवाजानं तुला दुखतं?"

"मला काय म्हाईत? मला तर बरा वाटतो तुमचा आवाज. पोरीच्या लग्नात तुम्ही बोलायला लागला की सगळी वळून बघत होती." ती खरं सांगत होती, हे मला दिसत होतं. आणि पट्टीही खरंच सांगत होती. मग खोटं कोण बोलत होतं? मी न्हाणीघरात जाऊन फोनवर माझीच जुनी निवेदनं लावून ऐकली. काय वाईट आहे त्यात? मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, ओरडलोही नाही. आजारात उशाशी बसलो. झोपायची वेळ झाली तरी डोक्यात तेच.

आबा, म्हणजे सुवर्णाचे वडील, वारले तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे रीत अशी की बाप गेल्याचं लेकीला फोनवर सांगत नाहीत. जावयाला सांगतात. जावई म्हणतो, "आबांना जरा बरं नाही, जाऊन येऊ," आणि गाडीत घालून घेऊन येतो. लेक वाटभर देवाला हात जोडत असते. दारातली गर्दी बघितली की तिला कळतं. हे सगळं मायेपोटी करतात. मीही केलं. दीड तासाची वाट मी तिच्याशी गोड बोलत राहिलो. काही झालेलं नाही, नुसता अशक्तपणा आहे, उद्या सलाईन लावू. गाडी थांबली तशा मालनवैनी पुढे आल्या आणि खिडकीतूनच म्हणाल्या, "वन्सं, आबा गेलं. तीन वाजता गेलं." सुवर्णा जागेवर कोसळली. लेकीला असं तोंडावर फेकतात का, म्हणून मी वैनींना मयताच्या दारात वाटेल ते बोललो आणि बाराव्यानंतर त्या घराची पायरी चढलो नाही. लोकांनीही माझीच बाजू घेतली.

सकाळी सहाला मी गाडी काढली. वैनी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. पासष्टीच्या झाल्या असतील, पण बोटं सटासट चालत होती. त्यांनी मान वर केली.

"दाजी, आलासा व्हय. बसा की."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दाढ, झडप, पट्टी, त्यांचा आवाज. माझ्या आवाजाचं काय झालं तेही सांगितलं, कारण लपवून उपयोग नव्हता. त्या हसल्या नाहीत. एक शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"येते की. वन्संसाठी काय बी. पर तिथं मी काय बोलायचं, ते तुम्ही ठरवायचं न्हाई."

"नाही ठरवत."

"आणि एक. त्या दिवशी मी तुम्हाला फोन कवा केलेला, ते मी वन्संना अजून सांगितलेलं न्हाई. नऊ वर्सं झाली. ते तुमचं तुम्ही सांगायचं हाय."

आता तुमच्यापासून तरी कशाला लपवू? वैनींचा पहिला फोन आबा गेल्यावर आला नव्हता. सकाळी अकराला आला होता. आबा शुद्धीवर होते आणि लेकीचं नाव घेत होते. मी मैदानात होतो, डोक्याला फेटा बांधून घेत होतो. वर्षातलं सगळ्यात मोठं मैदान, शेवटची कुस्ती साडेचारला, आणि निवेदन माझं. मी म्हणालो, "येतो, येतो, संध्याकाळपर्यंत पोचतोच," आणि फोन बंद करून खिशात टाकला. सुवर्णा घरी होती. तिला एक फोन केला असता तर ती मिळेल त्या गाडीनं गेली असती, एकपर्यंत पोचली असती. पण ती एकटी घाबरेल, असं मी मनाला सांगितलं. तेव्हा ते मला पटलंही होतं. अजूनही त्यातलं किती खरं आणि किती नाही, मला नीट सांगता येत नाही.

"मलाच अक्कल नव्हती," वैनी म्हणाल्या. "रीत म्हणून जावयाला फोन केला. लेकीला करायला पायजे हुता. म्हणून तर दारात खिडकीत तोंड घातलं. आणखी एक घटका बी खोट्यात ठेवायची न्हवती तिला."

मी निघायला वळलो, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "तुमचं मैदान फोनवर दिसत हुतं त्या दिवशी. आबांनी उशाला लावायला सांगितलं. म्हणाले, पावण्यांचा आवाज हाय, मग मागनं येतील दोघंबी."

आबांच्या कानात शेवटी माझाच आवाज होता. दहा हजार माणसं उठून उभी राहतात तो. वैनी गाडीत बसल्या आणि मी गाडी दवाखान्याकडे घेतली.

दवाखान्यात आधीच येऊन बसलेल्या सुवर्णानं वैनींना बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. डॉक्टरांनी तिला जंतूंवरचं औषध दिलं, इंजेक्शन दिलं, पट्टा बांधला. वैनी पुढ्यातल्या स्टुलावर बसल्या.

"वन्सं, आता डॉक्टरीण सुई लावणार. दुखंल. पाच मोजूस्तोवर दुखंल, मग कमी येईल. मोजा." सुवर्णानं बोटांवर मोजलं. पट्टी साडेपाच, चार, अडीच. "आता खरवडायचा आवाज येईल. आवाज घाण हाय, पर दुखणं न्हाई." पट्टी दोन. डॉक्टरांनी दाढ उघडली. मी दारापाशी उभा राहून बघत होतो. असं बोलून माणूस निवतो? मी असतो तर म्हणालो असतो, काही कळणारसुद्धा नाही. आणि ती खुर्चीतून उडाली असती.

"यंत्र कारण सांगत नाही, काका," डॉक्टर कालच म्हणाल्या होत्या. "या आवाजामागून काय येतं, ते शरीरानं कधीतरी टिपून ठेवलेलं असतं. प्रेम किती, ते त्याला मोजता येत नाही." शेवटचं वाक्य त्या माझं मन राखायला बोलल्या असाव्यात.

दाढेला तीन नळ्या होत्या. त्यातल्या दोन साफ झाल्या. अर्धा तास वैनी म्हशीच्या रेडकाविषयी, थोरल्या सुनेशी झालेल्या भांडणाविषयी, स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिल्या, आणि पट्टी दोनच्या वर गेली नाही. तिसऱ्या नळीआधी डॉक्टरांनी सुवर्णाला चूळ भरायला उठवलं. तिनं तोंड पुसलं आणि बधिर जिभेनं, तुटक तुटक विचारलं, "वैनी, शेवटी आबा काय म्हणाले? तुम्ही कधीच सांगितलं न्हाई."

वैनींनी माझ्याकडे बघितलं. एवढंच. आणि म्हणाल्या, "काय न्हाई, वन्सं. झोपेतच गेलं."

पट्टी दोनवरून सातावर गेली. सुवर्णानं खुर्चीचा हात धरला. डॉक्टर म्हणाल्या, "काय झालं? बोला, बोलत राहा!" वैनी बोलल्या, रेडकाचं बोलल्या, मोजा म्हणाल्या. पट्टी हलेना. तोच आवाज, तेच स्टूल, आणि फाटक उघडं पडलेलं. त्यांच्या आयुष्यातलं ते बहुधा पहिलंच खोटं, आणि ते त्या माझ्यासाठी बोलल्या होत्या. एक नळी उघडी, आतली नस जिवंत. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अशी दाढ आज सोडता येणार नाही, काका."

मी पुढे झालो.

"सुवर्णा, वैनींचा फोन मला सकाळी अकराला आला होता. आबा तेव्हा जिवंत होते. तुझं नाव घेत होते. मी तुला सांगितलं नाही. मी मैदानात थांबलो."

पट्टी आठ. डॉक्टर ओरडल्या, "काका, बाहेर जा!" मी बाहेर जायला वळलोही. खरं सांगतो, मला वाटलं होतं, खरं बोललो की पट्टी उतरेल. वैनींची उतरत होती तशी. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"थांबा," सुवर्णा म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. डाव्या गालाला सूज, ओठ एका बाजूला ओघळलेला. तिनं विचारलं, "कोण जिंकलं?"

"काय?"

"त्या कुस्तीत. कोण जिंकलं?"

मी मान खाली घातली. "चाळीस मिनिटं चालली. निकाल लागला नाही. पंचांनी बरोबरीत सोडवली."

वैनींनी पदर तोंडाला लावला. सुवर्णानं डोळे मिटले. पट्टी हळूहळू उतरायला लागली. मग डॉक्टरांना म्हणाली, "करा सुरू."

"काकू, पट्टी सहावर आहे. सहावर मी हात लावत नाही."

"दुखतंय माझं, का तुमच्या पट्टीचं?" आणि मला म्हणाली, "तुम्ही सांगा. अकरापासनं सांगा. काय काय केलंत, सगळं. एक बी सोडू नका."

मी स्टुलावर बसलो. वैनी उठून मागे भिंतीला टेकल्या. डॉक्टरांनी नसेतच थेट एक थेंब औषध सोडलं, सुवर्णाच्या खांद्यावर हात ठेवून जरा थांबल्या आणि बारीक सुई उचलली. मी सांगायला लागलो. अकराला फोन आला. मी फोन खिशात टाकला. फेट्याचा शेमला पुन्हा नीट करून घेतला. सव्वाअकराला चहा प्यालो. साडेअकराला फोन काढून तुझं नाव समोर आणलं आणि परत ठेवला. बाराला हलगी वाजली. पहिली जोड लागली ती लहान पोरांची. मी त्यांच्या बापांची नावं घेतली, लोक हसले, मीही हसलो. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. चढ नाही, उतार नाही, नुसती एकामागून एक वाक्यं. पट्टी सहावरच होती, आणि सुवर्णा खुर्चीत हलत नव्हती.

मी साडेबारापर्यंत आलो तेव्हा डॉक्टरांनी सुई बाहेर काढली, कापूस ठेवला आणि कपाळावरचा पट्टा सोडला. पडदा काळा झाला. "झालं, काकू," त्या म्हणाल्या. "नस निघाली. आता ती दुखणार नाही."

मी थांबलो. सुवर्णानं डोळे मिटलेलेच ठेवून हातानं खूण केली.

"पुढं," ती म्हणाली.

त्या दिवशीचे तीन वाजायला अजून अडीच तास होते.